'स्टेट ऑफ द आर्ट' म्हणजे नेमकं काय, आणि प्रकल्प अहवालात ते कधी लिहावं?

प्रश्न असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला बेदाण्यासाठी कलर सॉर्टर, म्हणजे कॅमेऱ्याने रंग बघून खराब मणी वेगळे काढणारं यंत्र, घ्यायचा आहे. तीन कोटेशनं आली आहेत. एकात यंत्र 'स्टेट ऑफ द आर्ट' आहे, दुसऱ्यात 'कटिंग एज', तिसऱ्यात 'अत्याधुनिक तंत्रज्ञानयुक्त'. कंपनीच्या संचालक ताईंनी बँकेला दिलेल्या अहवालात 'स्टेट ऑफ द आर्ट यंत्रणा' असं लिहिलं. बँकेच्या तांत्रिक सल्लागारांनी त्याखाली रेघ ओढून समासात 'म्हणजे काय?' असं विचारलं. ताईंना या शब्दाचा खरा अर्थ हवा आहे, बाकीच्या दोन शब्दांपेक्षा तो वेगळा कसा हे हवं आहे, आणि अहवालात त्या जागी काय लिहायचं हेही.

ताई, सल्लागारांचा प्रश्न रास्त आहे आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या प्रक्रिया उद्योगांचे अहवाल आणि यंत्रांचे तांत्रिक तपशील लिहिणं हे माझं काम. हा शब्द कोटेशनांमध्ये किती सैलपणे वापरला जातो ते मी रोज पाहतो. मुळात मात्र तो अतिशय काटेकोर शब्द आहे, म्हणून थोडं मागून सांगतो.

या शब्दातलं 'आर्ट' म्हणजे चित्रकला किंवा गाणं नव्हे. जुन्या इंग्रजीत लोहारकाम, विणकाम, यंत्रं बनवणं अशा हाताच्या आणि बुद्धीच्या कसबाला 'आर्ट' म्हणत. 'स्टेट' म्हणजे स्थिती. एखाद्या क्षेत्रातलं कसब आणि ज्ञान अमुक तारखेपर्यंत कुठवर पोचलं आहे ती स्थिती, एवढाच त्याचा अर्थ. छापील इंग्रजीतला या शब्दाचा जुना दाखला म्हणून १९१० सालचं एक वाक्य नेहमी दिलं जातं. हेन्री हॅरिसन सप्ली या अमेरिकन अभियंत्याने गॅस टर्बाइनवर लिहिताना म्हटलं आहे की या कसबाच्या सध्याच्या स्थितीत एवढंच करता येणं शक्य आहे. यात मिरवण्याचा सूर कुठेच नाही. आजची मर्यादा ही आहे, याच्या पुढे आम्हाला अजून जाता येत नाही, असं एक अभियंता सरळ सांगतो आहे.

त्याच १९१० साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. आजची पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. त्यांचा लोखंडी नांगर त्या काळी आपल्या भागासाठी नवा होता, आणि लोखंडाने जमिनीत विष उतरेल या भीतीने शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. नांगर चांगला होता, तरी तो नवा आहे एवढ्यावर कुणी घेतला नाही. तो जमिनीत किती खोल जातो, बैलांना किती ओढावं लागतं आणि फाळ झिजला तर नवा कुठे मिळतो, हे शेतकऱ्याला कळावं लागतं. तुमच्या सल्लागारांचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

पुढे जाहिरातवाल्यांनी हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ 'सर्वोत्तम, नवीनतम' असा झाला. हा अर्थ आता रूढ आहे, तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण जिथे पैशाचा, कायद्याचा किंवा जिवाचा प्रश्न येतो तिथे जुना काटेकोर अर्थ अजून जिवंत आहे, आणि याचा सगळ्यात मोठा धडा सांगलीकरांच्या रोजच्या व्यवहारातल्या वस्तूवरून मिळालेला आहे. ती वस्तू म्हणजे हळद.

१९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना हळदीने जखम भरण्याच्या उपचाराचं पेटंट दिलं. आपल्याकडे लहान पोराचा गुडघा फुटला तर आजी आधी हळदीच्या डब्याकडे जाते. तरीही पेटंट मिळालं, कारण त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशात लोक एखादी गोष्ट नुसती वापरतात किंवा जाणतात, एवढं पुरेसं नव्हतं. बाहेरच्या देशातलं ज्ञान 'आधीचं कसब' म्हणून, म्हणजे आपल्या या 'स्टेट ऑफ द आर्ट'चा भाग म्हणून, धरायचं असेल तर ते छापलेलं असावं लागे, किंवा त्याचं तिथे पेटंट झालेलं असावं लागे. म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, जमिनीतल्या खोल खड्ड्यात, हळद साठवणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्या बायकांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, ते त्या कायद्याच्या हिशेबात धरलंच जात नव्हतं.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने या पेटंटला आव्हान दिलं आणि ३२ लेखी संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत ग्रंथांतले उतारे होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आलेला एक निबंधही होता. १९९७ साली पेटंट कार्यालयाने मान्य केलं की यात नवीन काही नाही, आणि पेटंट रद्द झालं. पुढे पारंपरिक ज्ञानाची डिजिटल नोंद ठेवणारा संग्रह भारताने उभा केला, त्यामागे हा अनुभव होता. अमेरिकेनेही नंतर कायदा बदलला. मार्च २०१३ पासून तिथे जगात कुठेही लोकांसमोर आलेली गोष्ट 'आधीचं कसब' म्हणून धरतात.

आपल्या भारतीय पेटंट कायद्यात तर हाच शब्द आहे. १९७० च्या कायद्यात 'नवीन शोध' कशाला म्हणायचं ते सांगताना म्हटलं आहे की तो अर्जाच्या तारखेपूर्वी कुठे छापलेला नसावा, देशात किंवा जगात कुठे वापरलेला नसावा, आणि तो 'स्टेट ऑफ द आर्ट'चा भाग नसावा. युरोपच्या पेटंट करारातही ५४व्या कलमात अशीच व्याख्या आहे: अर्जाच्या तारखेआधी लेखी, तोंडी, वापरातून किंवा अन्य कुठल्याही मार्गाने लोकांना उपलब्ध झालेलं सगळं ज्ञान. आता यातली गंमत बघा. पेटंटच्या भाषेत जी गोष्ट 'स्टेट ऑफ द आर्ट' आहे तिला पेटंट मिळूच शकत नाही, कारण ती आधीच सगळ्यांच्या हातात आहे. एखादा विक्रेता एकाच पानावर 'स्टेट ऑफ द आर्ट' आणि 'आमचं पेटंटेड तंत्रज्ञान' असं दोन्ही लिहितो तेव्हा त्याला पेटंटचा क्रमांक आणि तारीख मागा. नुसता अर्ज केलेला असणं आणि पेटंट मंजूर झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्रमांक मिळाला की पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही तो फुकट तपासता येतो.

या सगळ्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. या शब्दाला नेहमी तारीख असते आणि क्षेत्र असतं. तारीख आणि क्षेत्र नसेल तर तो शब्द तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यावर बँकेने कर्ज का द्यावं?

आता तारीख किती पटकन जुनी होते ते बघा. तुमच्या एका कोटेशनात कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र ओळखणारा कॅमेरा आहे, म्हणून त्याच क्षेत्रातलं उदाहरण घेतो. इमेजनेट नावाची चित्रं ओळखण्याची एक प्रसिद्ध स्पर्धा होती. त्यात संगणकाने पाच अंदाज सांगायचे, आणि पाचांत बरोबर उत्तर नसेल तर ती चूक धरायची. २०१२ साली टोरांटो विद्यापीठाच्या चमूने १५.३ टक्के चुकांवर स्पर्धा जिंकली. दुसऱ्या क्रमांकाची चूक २६.२ टक्के होती, म्हणजे तेव्हाची ती मोठीच झेप. २०१५ साली विजेत्यांची चूक ३.५७ टक्के होती. दोन्ही वर्षी संशोधक आपल्या निकालाला 'स्टेट ऑफ द आर्ट' म्हणत होते आणि दोन्ही वेळा ते खरं होतं. संशोधकांच्या जगात या शब्दाचा अर्थ एवढा नेमका असतो: अमुक परीक्षेत, अमुक तारखेपर्यंत छापून आलेला सगळ्यात चांगला निकाल. परीक्षा बदलली की तो निकाल लागू पडत नाही. म्हणून विक्रेत्याने असा आकडा दाखवला तर परीक्षा कशाची होती ते विचारा. नीट काढलेली छायाचित्रं ओळखणं वेगळं, आणि पट्ट्यावरून पळणारा, साखरेने चिकट झालेला, एकमेकांना डकलेला बेदाणा ओळखणं वेगळं.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर फारसं कुणी बोलत नाही. जर्मन कायद्यात तंत्रज्ञानाच्या तीन पायऱ्या मानतात. पहिली, त्या धंद्यातल्या बहुतेक जाणकारांनी मान्य केलेले आणि वापरात मुरलेले नियम. दुसरी, 'तंत्राची सद्यस्थिती', म्हणजे आपला हा शब्द: प्रगत पद्धत, जी चालते हे दिसलेलं आहे पण जी अजून सगळ्यांकडे गेलेली नाही. तिसरी, विज्ञान आणि तंत्राची सद्यस्थिती, म्हणजे प्रयोगशाळेत जे कळलं आहे तेही, मग ते आज बांधता येवो किंवा न येवो. १९७८ साली काल्कारच्या अणुभट्टीच्या खटल्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने या पायऱ्या उलगडून सांगितल्या. अणुभट्टीला तिसरी पायरी लागते, कारण चूक झाली तर ती भरून निघत नाही. बेदाण्याच्या कारखान्याला तिसरी पायरी मुळीच नको. बहुतेक ठिकाणी पहिली पुरते, आणि जिथे स्पर्धेत उभं राहायचं आहे तिथे दुसरी.

तुमच्या तीन कोटेशनांतले शब्दही या पायऱ्यांवर बसवता येतात. 'स्टेट ऑफ द आर्ट' दुसऱ्या पायरीवर. 'कटिंग एज' आणि 'लीडिंग एज' दुसऱ्या पायरीच्या वरच्या टोकाला, जिथे काम नुकतंच सुरू झालं आहे आणि ग्राहक मोजके आहेत. इंग्रजीत 'ब्लीडिंग एज' असाही शब्द आहे. तो इतक्या नव्या वस्तूला लावतात की पहिल्या ग्राहकालाच तिचे दोष सोसावे लागतात. हा शब्द कुठलाही विक्रेता आपल्या मालाला लावणार नाही, पण काही यंत्रांना तो लागू असतो. कुठलं यंत्र कुठे बसतं हे ओळखायला नासाने वापरात आणलेली नऊ पातळ्यांची मोजपट्टी उपयोगी पडते. पहिल्या पातळीवर फक्त मूळ तत्त्व माहीत असतं, नवव्यावर यंत्र प्रत्यक्ष कामात यशस्वी झालेलं असतं. विक्रेत्याला पातळीचा क्रमांक विचारायची गरज नाही. हे यंत्र बेदाण्यावर एक पूर्ण हंगाम चाललेलं कुठे बघायला मिळेल, एवढं विचारा. तांदूळ, डाळ किंवा काजूवर चाललेलं दाखवत असतील तर तुमच्या मालासाठी ते अजून नववी पातळी नाही.

मराठी शब्दांबद्दल थोडं. 'अत्याधुनिक' हा शब्द आपल्याकडे दवाखान्याच्या उद्घाटनापासून सलूनच्या पाटीपर्यंत सगळीकडे आहे, आणि त्यात तारीख नाही. मी अहवालात 'अद्ययावत' लिहितो. अद्य यावत्, आजपर्यंत. सातबारा अद्ययावत करतात तेव्हा आजच्या तारखेपर्यंतच्या नोंदी चढवतात, आणि यंत्राबद्दलही नेमकं तेवढंच म्हणायचं असतं. कायद्याच्या किंवा संशोधनाच्या लेखनात 'तंत्राची सद्यस्थिती' चालतं. 'सुधारित' हा शब्द मला आवडतो, पण तो लिहिलात तर कशापेक्षा सुधारित हे पुढच्याच वाक्यात आलं पाहिजे. 'स्टेट ऑफ द आर्ट' देवनागरीत लिहायलाही हरकत नाही, वाचणाऱ्यांना तो कळतो. इंग्रजी अहवालात हा शब्द नामाआधी विशेषण म्हणून आला तर चारही शब्दांमध्ये जोडरेघा द्यायच्या, स्वतंत्र नाम म्हणून आला तर द्यायच्या नाहीत.

जुनं म्हणजे मागासलेलं असं या शब्दामुळे वाटायला लागतं, तेही मनातून काढून टाका. हरिपूरची पेवं घ्या. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळच्या त्या विशिष्ट मातीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद बंद करायचे, आणि ती वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. विजेचा खर्च शून्य. हळद साठवण्याच्या क्षेत्रात ते त्या काळचं अद्ययावत तंत्रच होतं, आणि माझ्या मते आजही त्याचा नीट अभ्यास व्हायला हवा. २००५ च्या महापुराने पेवांचं फार मोठं नुकसान केलं आणि व्यापार गोदामं, शीतगृहांकडे वळला. तिथे तंत्र कालबाह्य झालं नव्हतं, नदीचं पाणी वाढलं होतं. तुमच्या बेदाण्याचंच बघा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षघड बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवायचे, ही पद्धत आता जुनी झाली. मण्यांच्या सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं, म्हणून ती टिकली आहे. अहवालात तिला 'पारंपरिक' म्हणून मोडीत काढू नका. 'सिद्ध पद्धत' म्हणा. तो पहिल्या पायरीचा शब्द आहे आणि बँकेला तो आवडतो, कारण त्यात जोखीम कमी असते.

आता सॉर्टरकडे. तो परिच्छेद अहवालातून काढा आणि त्या जागी साधारण असं लिहा: 'प्रस्तावित कलर सॉर्टर ताशी एक टन बेदाणा हाताळेल. आत जाणाऱ्या मालात काडी, खडे आणि काळे मणी मिळून वजनाने तीन टक्के असताना बाहेर पडणाऱ्या चांगल्या मालात ते ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतील. बाजूला काढलेल्या मालात चांगला बेदाणा निम्म्यापेक्षा जास्त नसेल. ही कामगिरी खरेदीपूर्वी कंपनीच्या स्वतःच्या मालावर चाचणी घेऊन तपासली जाईल.' यातले आकडे मी नमुन्यादाखल घातले आहेत. तुमच्या मालावरून आणि सौद्यात मिळणाऱ्या दरातल्या फरकावरून ते बसवा. तिसरं वाक्य विसरू नका. चांगला माल फार फेकून दिला की स्वच्छ माल मिळवणं कुठल्याही यंत्राला सोपं जातं, आणि तो तोटा कोटेशनमध्ये कधी दिसत नाही.

तुलनाही लिहा. आज तुमच्याकडे टेबलावर बसून बायका हाताने निवड करतात. दिवसाला एक बाई किती किलो निवडते, किती काडी सुटते, मजुरी किती जाते, हे आठवडाभर मोजून ठेवा. 'अद्ययावत' कशाच्या तुलनेत, याचं उत्तर त्या वहीत मिळेल. सॉर्टर आला तरी शेवटची नजर हाताचीच लागते, कारण रंग बरोबर असलेला पण चिरडलेला मणी कॅमेऱ्याला दर वेळी कळत नाही. या बायकांचं काम संपेल असं अहवालात लिहू नका. ते खरं होणार नाही.

यंत्राच्या आसपासच्या गोष्टी कोटेशनात बारीक अक्षरांत असतात आणि निम्मी डोकेदुखी तिथूनच येते. सॉर्टर नको असलेला मणी हवेच्या फुंकरीने उडवतो. त्याला कोरडी, तेलाचा अंश नसलेली दाबाची हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसरसोबत एअर ड्रायर आणि फिल्टर आले. त्यांची किंमत आणि विजेचा भार यंत्राच्या किमतीत धरला आहे का ते बघा. विजेचा दाब वर-खाली होतो तिथे स्टॅबिलायझर लागतो. बेदाण्याच्या चिकटपणाने कॅमेऱ्यासमोरची काच धूसर होते. ती किती वेळाने पुसावी लागते आणि यंत्र स्वतः पुसतं की माणसाने थांबवून पुसायची, हे लेखी घ्या. हवेची फुंकर सोडणाऱ्या इजेक्टरचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस पुण्यातून येणार की परदेशातून, आणि ऐन हंगामात किती तासांत, हेही लेखी घ्या. पुढच्या पिढीचं यंत्र बंद पडून चार दिवस उभं राहिलं तर साध्या पण जवळ दुरुस्त होणाऱ्या यंत्राइतकाही उपयोग नाही. म्हणून तिन्ही किमती सारख्या असल्या तर मी ज्याचा तंत्रज्ञ जवळ आहे त्याला पसंती देईन.

शब्द पूर्ण टाळायचा का? नाही. तुम्ही काही खरोखर नवं करत असाल तर तो जरूर वापरा आणि पुढे आधार द्या. समजा तुमच्या कंपनीने डिपिंगच्या द्रावणाचं प्रमाण आणि वाळवणीचे तास वेगळे ठेवून मण्याचा हिरवा रंग जास्त टिकवला. तर त्याची नोंद तारखेसह ठेवा, तपमान आणि आर्द्रता लिहा, आणि शक्य झाल्यास कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाकडून ती तपासून घ्या. उद्या दुसऱ्या कुणी त्यावर हक्क सांगितला तर तुमची तारखेची वही कामाला येईल. उलट पेटंटचा विचार मनात असेल तर अर्ज करण्याआधी ही माहिती कुठेही जाहीर करू नका. एकदा ती लोकांसमोर आली की ती सगळ्यांच्या कसबाचा भाग होते, आणि मग ती तुमचीही 'नवीन' राहत नाही.

चाचणीसाठी विक्रेत्याकडे माल नेताना तीन तऱ्हेचा न्या: शीतगृहातून नुकताच काढलेला, शेडवरून थेट आलेला, आणि पावसात सापडून डागी झालेला. विक्रेते बहुधा आधी निवडलेला, कोरडा, एकसारखा बेदाणा चालवून दाखवतात. शीतगृहातला माल बाहेरच्या दमट हवेत आला की त्यावर ओल धरते आणि मणी जास्त डकतात, तिथे सॉर्टरची खरी ताकद कळते. प्रत्येक तऱ्हेचा माल आत टाकण्याआधी आणि बाहेर आल्यावर वजन करा, काड्या आणि काळे मणी हाताने वेचून वेगळे तोला, आणि कागदावर विक्रेत्याच्या माणसाची सही घ्या. तो कागद अहवालाला जोडा. पैशांचा शेवटचा हप्ता तुमच्या आवारात यंत्र बसून तीच कामगिरी पुन्हा दाखवल्यानंतरच द्यायचा, अशी अट खरेदीच्या ऑर्डरमध्ये घाला.